खेकड्याची जुनी काच

बसवनगुडी, बेंगळूर
खंडेनवमी, १९५५

पदू,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे तर घे, नाहीतर राहू देत पाकिटात. वर्ष झालं तुला जाऊन. एक कार्ड टाकायला काय हात झडले होते का तुझे? नागपूरला आहेस, सीताबर्डीत कुणा घड्याळवाल्याच्या दुकानात दुरुस्तीला बसतोस, हे मला बसवंतमामांच्या तोंडून कळावं? सख्खी बहीण मी तुझी, पंधरा वर्षांनी मोठी. तुझ्या वेळी आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुला कडेवर घेऊन फिरवलं ते मी.

आज वेधशाळेच्या कचेरीत आयुधपूजा झाली. हॉलमध्ये भिंगं, टाइपरायटर, पहारेकरी शिवाप्पाची सायकलसुद्धा मांडली होती. कोहळा फोडला, चुरमुरे वाटले. मोजणीच्या खोलीला मात्र साहेबांनी कुलूप घातलं होतं, तिथे पूजा नाही. मला बरंच वाटलं.

तू तडकाफडकी निघून गेलास, आपलं बोलणं झालंच नाही, म्हणून आज लिहायला बसले. ती फोटोची काच कुठली होती हे तुला मी सांगावं लागू नये. १९१३ साली अप्पांनी पंचविशीत असताना डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी स्वतःच्या हातांनी धुतलेली. वृषभाच्या शिंगाजवळचा फुटलेला तारा, आपल्या कचेरीतला खेकडा. नऊशे वर्षांपूर्वी फुटला तेव्हा चीनच्या लोकांनी तो भरदिवसा पाहिला, आणि त्याचा धूर अजून पसरतोच आहे. जुनी काच १९१३ची, नवी गेल्या सालची. दोन्ही यंत्राखाली ठेवायच्या, धुरातली एकेक गाठ कुठून कुठे सरकली ते मोजायचं. चाळीस वर्षांत पाव मिलिमीटर! आधी तू सुलट काच मोजणार, मग मी तीच काच उलटी फिरवून मोजणार, कारण प्रत्येकाची नजर कुठल्यातरी बाजूला ओढते. दोघांची सरासरी म्हणजे खरा आकडा. तुझं मोजून झालं होतं, माझं सुट्टीनंतर व्हायचं होतं.

आणि काच गेली. तुझ्या ताब्यात असताना गेली. कचेरी उघडली, तू पेटी उघडलीस, तर काचेवरचा चित्राचा थर मधोमध वाटीच्या तोंडाएवढा निघालेला. नेमका खेकडाच नाही. साहेब म्हणाले, यानं पाण्याचा पेला ठेवला असणार ओल्या बुडाचा. पेला यंत्राशेजारी ठेवायची सवय तुला होतीच, पदू. मी हजारदा बजावलं होतं. तू म्हणालास, मी काच यंत्रावरच सोडून गेलो होतो, ती पेटीत कुणी ठेवली? त्यावर साहेब नुसते हसले.

मग त्यांनी मला विचारलं, “रत्नाबाई, तुमच्या काही लक्षात आलं होतं का?” मी “नाही, सर” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते मी? आणि तू! साहेबांपुढे उजवा हात खिशात खुपसून उभा. ही काय रीत झाली? वर त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे टक लावून बघतोयस. त्यांचा पारा चढत चाललेला मला दिसत होता. शेवटी मीच म्हटलं, पदू, हात बाहेर काढ. तेव्हा कुठे काढलास.

तुझी मोजणीची वही साहेबांनी लाल रेघ मारून फेकायला दिली. मी ती घरी आणून ठेवली आहे. अप्पांच्या नोंदवहीत काचेच्या नंबरापुढे तुझं नाव आणि ‘निष्काळजीपणा’ असा शेरा लिहिलाय. आई तुझं नाव काढत नाही. माझी मालन आता मॅट्रिकला बसेल, ती मात्र मामा कधी येणार म्हणून रोज विचारते.

तुझी,
अक्का


बसवनगुडी
खंडेनवमी, १९५८

पदू,

तीन वर्षं पत्रं टाकली, उत्तर नाही. श्रावणात आई गेली तेव्हा तार केली, तर तुझी उलट तार, ‘येऊ शकत नाही’. तीन शब्द! आईच्या मातीला तीन शब्द. शेजारचे जयसिंगराव आणि बसवंतमामांचा मुलगा खांदा द्यायला आले, तुझ्या जागी लोक उभे करावे लागले मला. रागावले होते मी खूप. अजून आहे.

शेवटचे आठ दिवस तिला माणसं ओळखू येत नव्हती. मालन म्हणजे मीच असं समजायची आणि मी म्हणजे तिची सासू. पण काच आठवत होती. “ह्यांनी एकेचाळीस वर्षं लेकरासारखी जपली, आणि पदूनं एका पेल्यापायी घालवली,” हेच धरून बसली होती. मी चमच्यानं पाणी घालत होते. तोंड पुसलं, म्हटलं, आई, झोप आता. पहाटे गेली.

तू आला असतास तर काय बोलला असतास कोण जाणे. खरं सांगू? तार वाचली तेव्हा आधी मला हायसं वाटलं, आणि मग मी रागावले.

कचेरीत ह्या साली खेकड्याची पुन्हा नवी काच घेतली. मीच मोजते. सुलटी मी, उलटी ती नवी मुलगी चंपा, हुबळीकडची, बरी आहे हाताची. पण मोजून कशाशी ताडून बघायचं? चारच वर्षांत गाठ हलून हलून किती हलणार? साहेब म्हणतात, असू दे, चाळीस वर्षांनी कुणाला तरी उपयोगी पडेल. तोवर मी कुठली असायला!

मालन विचारते, गांधी बझारात शेवंती ढिगानं आलीय, तू नवरात्रात देवाला का घालत नाहीस? म्हटलं, मला तिचा वास सोसत नाही. “पूर्वी तर डोक्यात माळत होतीस,” म्हणाली. पोरींना नको त्या वेळी सगळं आठवतं.

प्रेमा नावाच्या मुलीशी तू लग्न केलंस असं ऐकलं. सुखी राहा. तिला माझ्याबद्दल काय सांगितलं आहेस?

अक्का


जयनगर, चौथा ब्लॉक, बेंगळूर
खंडेनवमी, १९६१

पदू,

मालनचं लग्न झालं, वैशाखात. मुलगा मैसूरला इंजिनियर आहे, आपल्यातलाच. मी जयनगरात दोन खोल्या घेतल्या. आता घरात मी एकटी. लपवायला घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून आज लिहिते. बघ कशी आहे मी. मुलीला उजवून झाल्यावर सुचलं मला खरं बोलायला.

पेला नव्हता, पदू. शेवंतीचं फूल होतं. मी ठेवलेलं.

त्या वर्षी चैत्रात अप्पा गेले. खंडेनवमीला ते काचेच्या पेटीवर एक फूल ठेवायचे, तुला आठवत असेल. बाकी सगळे हॉलमध्ये होते. मोजणीचं यंत्र जागचं हलत नाही, म्हणून त्याची पूजा करायला मी एकटी आत गेले. तू काच यंत्रावर ठेवून गेला होतास, थर वरच्या अंगाला, अप्पांनी शिकवलं तसाच, खाली घासू नये म्हणून. मला वाटलं, आज पेटी कशाला? अप्पांचा खेकडाच समोर आहे. त्याच्यावर फूल ठेवलं आणि रडले. फूलवालीनं पाणी मारून केळीच्या पानात बांधून दिलं होतं. चांगलं मोठं, पिवळंधमक.

दुपारी घरी निघताना डोकावले तर फुलाखाली ओल दिसली. अगदी स्वल्प. हात पुढे केलासुद्धा. पण पूजेत मांडलेलं आयुध दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही ना! आईनं लहानपणापासून मारून मारून शिकवलेलं. साधी कात्री, तीसुद्धा हलवली नव्हती आपण कधी. हात मागे घेतला आणि घरी आले.

दसऱ्याला पहाटे अंघोळ करून गेले, शिवाप्पाकडून खोली उघडवली. फूल उचललं तर थर त्याला चिकटून वर आला. अय्यो, काय सांगू तुला! फूल निर्माल्याच्या टोपलीत टाकलं, काच पुसली, पेटीत ठेवली, घरी येऊन पुरणपोळ्या केल्या.

संध्याकाळी तू सोनं म्हणून बन्नीची पानं घेऊन आलास. पाया पडलास आणि विचारलंस, “अक्का, सकाळी कचेरीत गेली होतीस?” मी म्हटलं, छे, देवळात गेले होते. तू “सरी, बरं” म्हणालास आणि ताटावर बसलास. तीन पोळ्या खाल्ल्यास.

मी विधवा बाई, नोकरी गेली तर मालनचं काय होणार, असं मनाशी म्हणत होते. तू पुरुषमाणूस, कुठेही पोट भरशील. वाटलं होतं, साहेब चार शब्द बोलतील आणि विसरतील. ते विसरले नाहीत. मग रोज एक दिवस उशीर होत गेला. आईलासुद्धा सांगितलं नाही रे. तिच्या कानाशी तोंड नेलं होतं, आणि म्हटलं काय, तर झोप आता.

तुझी क्षमा मागते. पण हे पत्र फाडून टाक, आणि साहेबांना काही कळवू नकोस. अजून आठ वर्षं नोकरी आहे माझी.

अक्का


जयनगर
खंडेनवमी, १९६८

पदू,

सात वर्षं गप्प आहेस. पत्र मिळालं नाही असंही नाही, कारण एकही परत आलं नाही. पण आज तुला उत्तर द्यावंच लागेल अशी बातमी आहे.

परदेशातल्या एका वेधशाळेनं खेकडा मोजला! त्यांच्याकडेही जुन्या काचा होत्या, आणि त्यांच्याकडे कुणी फुलं ठेवत नाही. गाठींचे आकडे ओळीनं छापलेत. मी मासिक घरी आणलं, तुझी लाल रेघेची वही काढली आणि जेवणसुद्धा न करता दोन्ही शेजारी ठेवून बसले. तू एकतीस गाठी मोजल्या होत्यास. अठ्ठावीस जुळतात, केसाइतका फरक नाही! एकट्याच्या नजरेनं, पदू, उलट मोजणी न करता! अप्पा असते तर त्यांनी तुला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं, घोडा झालास तरी.

आणि तू सांगितलं होतंस ना, हिशेब मागे नेला की तारा चिनी लोकांनी पाहिला त्याच्या ऐंशी-नव्वद वर्षं नंतर फुटला असं येतं? साहेबांनी त्यावरच रेघ मारली होती, हा मोजतानाही बेफिकीर आहे म्हणाले होते. तिथेही तेच आलंय. म्हणजे चूक नव्हतीच. धूर आधी हळू जात होता, आता जोरात जातोय. मला वाटायचं, इतक्या वर्षांत थकून मंदावला असेल.

आता खरी गोष्ट लिहिते. मासिक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. निरोप समारंभ जवळ आलाय त्यांचा, हळवे झालेत. म्हणाले, “हे काम चौदा वर्षांपूर्वी आपल्या नावावर झालं असतं. एका माणसाच्या हलगर्जीपणानं गेलं.” चंपानं विचारलं, कोण माणूस? त्यांनी तुझं नाव सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. वही माझ्या पिशवीत होती. म्हटलं, आता उठायचं. गुडघ्यांवर हात टेकले. तेवढ्यात कॉफी आली आणि सगळे उठले.

माझ्या निवृत्तीला एकच वर्ष राहिलंय. पेन्शनचे कागद गेलेत. मी भित्री आहे, आणखी काय सांगू?

तू खरा निघालास, निदान ह्याचा तरी आनंद मान. आणि एक ओळ लिही. शिव्या दे, पण लिही.

अक्का


जयनगर
खंडेनवमी, १९६९

पदू,

तुझं पार्सल भाद्रपदात आलं. पत्ता तुझ्या हातचा, ती मोजणीच्या वहीतली बारीक अक्षरं. आत चिठ्ठी असेल म्हणून कागद सगळा उलगडून पाहिला, दोऱ्याची गाठसुद्धा सोडवून पाहिली. काही नाही. नुसती एक जुनी काडेपेटी.

उघडली. वाळलेल्या पाकळ्या, तपकिरी झालेल्या. एकेकीच्या पाठीवर कातडीसारखा थर चिकटलेला आणि त्यात काळे ठिपके. पाहिल्याबरोबर कळलं मला. पंधरा वर्षांनीही मला खेकडा ओळखता येतो. मी तिथेच जमिनीवर बसले. दूधवाला हाका मारून परत गेला.

मग रिक्षा केली आणि शिवाप्पाच्या घरी गेले. म्हातारा झालाय, खाटेवरच असतो. म्हटलं, त्या दसऱ्याला मी गेल्यावर कचेरीत कोण आलं होतं? त्याला विचार करावा लागला नाही. “पदूराव आले होते की अक्का, बन्नी द्यायला. दुपार होती. निर्माल्याची टोपली भायेर ठेवलेली, तिच्याजवळ लई वेळ बसले. मग माझ्याकडं काडेपेटी मागितली, रिकामी. म्हटलं, तुम्ही तर विडी ओढत न्हाई. म्हणाले, स्वल्प काम हाय. आणि इचारलं, सकाळी कोण आलतं. मी सांगितलं, तुमची अक्का.”

“मग तू साहेबांना का नाही बोललास?” मी विचारलं.

“मला कोण इचारलं अक्का?” म्हणाला. खरं आहे. मला विचारलं होतं.

म्हणजे संध्याकाळी तू बन्नी घेऊन आलास तेव्हा तुला माहीत होतं. कचेरीत गेली होतीस का म्हणून विचारलंस तेव्हा माहीत होतं. १९५५ साली मी तुला पेल्याच्या सवयीबद्दल बोल लावले, ते पत्र तू सगळं माहीत असून वाचलंस. आईची ती वाक्यं लिहिली तीही. आणि एकसष्टात मी मोठ्या मनानं कबुली दिली, तेव्हा तुला त्यात नवीन काहीच नव्हतं, एवढंच नवीन होतं की मी अजूनही साहेबांना सांगणार नाही.

काल कचेरीत डायरेक्टरांच्या खोलीत गेले. साहेब चैत्रात वारले, तुला कळलं नसेल. नवे डायरेक्टर तरुण आहेत, सज्जन आहेत. खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी सगळं सांगितलं, फुलापासून. काडेपेटी टेबलावर ठेवली. ते ऐकून घेत होते आणि अधूनमधून घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, “अक्का, पंधरा वर्षं झाली. त्या मोजण्या आता दुसरीकडे छापून आल्यात, त्या काचेची आपल्याला गरज राहिलेली नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात निवृत्त होताय, कशाला मनाला लावून घेता?” मी म्हटलं, माझ्या भावाची नोकरी गेली. ते म्हणाले, ते गृहस्थ आता परत येऊ इच्छितात का? तुझं वय त्रेचाळीस आहे.

मी अप्पांची नोंदवही मागितली. त्यांनी शिपायाला आणायला सांगितली, जुन्या कागदांत खाली दाबून ठेवलेली. साहेबांचा शेरा खोडला आणि खाली लिहिलं की काच रत्नाबाईच्या हातून गेली, पद्माकरचा काही दोष नाही, त्याची मोजणी बरोबर होती. सही केली, तारीख घातली. डायरेक्टर फोनवर बोलत होते. शिपायानं वही घेतली आणि होती तिथे ठेवली. ती परत कुणी उघडेल असं मला वाटत नाही.

मग मोजणीच्या खोलीत गेले. चंपा नव्हती. एक पाकळी चिमट्यानं यंत्राखाली धरली. आकसून वळलीय, तरी एक गाठ स्वच्छ दिसली. तू सतरा नंबर दिला होतास तीच, मला वाटतं. सवयीनं स्क्रू फिरवायला गेले. पण आजूबाजूचे तारे काचेवर राहिलेत, पाकळीवर आला तो नुसता धूर. कुठून मोजू? त्या काचेची उलटी मोजणी माझी होती, ती राहिली ती राहिलीच.

आज सगळीकडे पूजा चाललीय. मी काही मांडलेलं नाही. काडेपेटी समोर ठेवून तुला लिहिते आहे. लिहायला लागल्यापासून एकच डोळ्यांपुढे येतंय. साहेबांच्या खोलीत तू उभा आहेस, उजवा हात खिशात. ह्या काडेपेटीवर मूठ आवळलेली. बाहेर काढली असतीस तर एका क्षणात सुटला असतास. साहेब मला विचारतायत, रत्नाबाई, तुमच्या काही लक्षात आलं होतं का? आणि तू माझ्याकडे बघतोयस. मला वाटलं होतं, पोरगा घाबरलाय.

मी नाही म्हटलं. तरी तू थांबला होतास, पदू. मग मी तुला दटावलं, हात बाहेर काढ म्हणून. तू माझं ऐकलंस. हात बाहेर काढलास, रिकामा.

अक्का